पाठीमागची बोटं

अक्कलकोट रोडला, बंद पडलेल्या सूतगिरणीच्या शेडमध्ये
आता टेनिसचं कोर्ट आहे. निळं.
बाहेर चव्वेचाळीस, आत भाड्याचे एसी,
आणि पायऱ्यांशेजारच्या कोपऱ्यात मी, माझं यंत्र.
चार दिवस झाले, रॅकेटी विणतोय.
उभ्या तारा बावन्न पौंडांवर, आडव्या पन्नासवर,
एक वरून, एक खालून, एक वरून.
गुंडलांच्या घरात हे कुणाला शिकवावं लागत नाही.

आज दुहेरीची फायनल. नायनाला घेऊन आलो.
चौतीस वर्षं मागावर होता, कान तिथेच ठेवून आला.
बायकोने डबा दिलेला, कडक भाकरी, शेंगाचटणी,
तो गेटवरच्या पोराने काढून घेतला.
बंडीच्या खिशात एक तुकडा तरी वाचला.

पलीकडे हैदराबादचा वेमुला
आणि त्याचा तैवानी जोडीदार.
अलीकडे, आमच्याकडे पाठ करून, दोन उंच चेक.
एक सर्व्हिसला. एक जाळीपाशी वाकलेला,
आणि वाकलेल्याचा डावा हात पाठीमागे:
मूठ. मग दोन बोटं. मग उघडा पंजा.

मला ते चार दिवस दिसत होतं आणि दिसत नव्हतं.
नायना पुढे सरकून बसला.

तीनशे माग एकदम चालायचे तेव्हा
खात्यात तोंडाने कुणी बोलतच नसे.
कांडी संपली, अंगठा.
जॉबर येतोय, कपाळाला हात.
चहा. पगार उशिरा. घरून निरोप आलाय, जा.
बाबू सय्यदच्या पोरीचं लग्न मोडलं
तेसुद्धा बोटांनीच कळलं होतं सगळ्यांना,
आणि पुन्हा जमलं तेही.

तीन गेम तो नुसता बघत राहिला.
चौथ्याला पंजा उघडला
आणि नायना, ज्याला आपला आवाज केवढा आहे
हेच माहीत नाही कित्येक वर्षं,
ओरडला, "पोताडु!"
जाणार हा, जागा सोडून जाणार.

पूर्वभागातली सगळी बाकं हसली.
पलीकडे वेमुला हसला नाही.
चेक जिथून निघाला होता
नेमका तिथूनच त्याने चेंडू काढला, रेषेला चाटून.
अंपायर म्हणाले, शांतता.
ती नायनाला ऐकू कशी येणार?
पुढची मूठ. "उंटाडु!" राहणार.
आता वेमुलाने हात वर केला,
रॅकेट खाली धरून अंपायरपाशी गेला:
हा पॉइंट पुन्हा खेळू, तो मागचाही त्यांचाच धरा,
मला कळतंय ते आजोबा काय सांगतायत.

मी पायऱ्या चढून गेलो, ओठांवर बोट ठेवलं.
नायना ओशाळला.
"लांबची पोरं," तो म्हणाला, त्याला कुजबुज वाटेल अशा आवाजात,
"पण आमच्यासारखीच बोलतात."
आणि मग त्याने तोंड मिटलं नाही, हात मिटले.
दोन्ही मांड्यांखाली दाबून बसला,
जणू बोलणारे तेच होते.

तिसऱ्या सेटचा टायब्रेक. सात-सात.
चेकांनी खुणा बदललेल्या, आता चेंडू तोंडावर धरून कुजबुजतात.
एक स्मॅश, टाळ्या, पायांचा दणदणाट,
मी खाली मान घालून कुणाच्या तरी रॅकेटीची आडवी तार ओढतोय.
सहज वर पाहिलं.

इतक्या माणसांत नायनाचा एक हात मांडीखालून सुटून उंच,
अंगठा आणि तर्जनी जुळलेली,
आणि जुळलेली ती
झटकन उघडली.

मी सहा वर्षांचा असल्यापासून ओळखतो ती खूण.
धागा तुटला. माग थांबव.

चेंडूवाला पोरगा रॅकेट घेऊन धावत येईपर्यंत
हातातलं काम बाजूला गेलं होतं,
जबडे मोकळे होते,
आणि नव्या गुंडाळीचं टोक
मी दातात धरलं होतं, त्याच्यासारखंच.